आजारपणात आपल्या वतीने सही कोणाची?

इस्पितळ सरकारी असो की खासगी, पेशंटला आत घेतले की बाहेर पहिला प्रश्न येतो, "पेशंटबरोबर कोण आहे? इथे सही करा." जो समोर उभा असतो तो सही करतो. कधी धाकटा मुलगा, कधी रिक्षात घालून आणणारा शेजारी, कधी गावाहून नुकतीच उतरलेली बहीण. कागद इंग्रजीत असतो, घाई असते, काय लिहिले आहे ते कोणी वाचून दाखवत नाही. पेशंट बरा होऊन घरी आला की त्या कागदाची कोणाला आठवणही राहत नाही. पण तो आयसीयूत नळ्या लावून पंधरा-वीस दिवस पडून राहिला, तर घरात भांडण उभे राहते. व्हेंटिलेटर चालू ठेवायचा की काढायचा, हे कोणी सांगायचे? पैसा लावणाऱ्या थोरल्याने, की रोज डबा घेऊन जाणाऱ्या सुनेने? नवऱ्याने, की माहेरच्यांनी?

आपल्या घरात प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशन कार्ड असते, जातीचा दाखला असतो, फोटोपास असतो, लाइट बिले असतात. माझी शुद्ध हरपली तर माझ्या उपचाराबद्दल कोणी बोलायचे, हे सांगणारा कागद मात्र सहसा कोणाच्या पिशवीत नसतो. तसा कागद करता येतो. त्याला वैद्यकीय इच्छापत्र म्हणतात, काही जण लिव्हिंग विल म्हणतात. मृत्युपत्र वेगळे. मृत्युपत्र आपण गेल्यानंतर घरदाराची वाटणी सांगते. वैद्यकीय इच्छापत्र आपण जिवंत असताना, पण बोलू शकत नसताना कामाला येते. हा कागद टिकतो की फुकट जातो, हे त्यावर सही कशी झाली, कोणासमोर झाली, यावर ठरते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर औषधपाण्याऐवजी सहीचा विषय घेतला आहे.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. माणूस शुद्धीवर आहे, सज्ञान आहे, त्याला समजते आहे, तोवर त्याच्या शरीराबद्दल सही त्याचीच. नवऱ्याची नाही, मुलाची नाही, आईचीही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्यात हे स्पष्ट केले. चव्वेचाळीस वर्षांच्या या बाई दिल्लीत एका डॉक्टरकडे दुर्बिणीची तपासणी करायला गेल्या होत्या. त्या भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेतली गेली आणि गर्भपिशवी व अंडाशये काढून टाकली गेली. बाईंनी तपासणीला संमती दिली होती, एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेला नव्हती. शस्त्रक्रिया तातडीची नव्हती, बाई शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते, म्हणून आईची संमती ही संमतीच नव्हे, असे कोर्टाने ठरवले. आपल्याकडे बीडच्या ऊसतोड कामगार बायांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचे २०१९ मध्ये गाजले आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. म्हणून बायांनी सहीआधी विचारायचेच, "काय काढणार आहात? का काढणार आहात? नाही काढले तर काय होईल?"

गर्भपाताच्या वेळीही नवऱ्याची सही आणा म्हणून बाईला परत पाठवले जाते. गर्भपाताच्या कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी आहे. नवऱ्याच्या सहीची अट त्या कायद्यात नाही. अपघात किंवा जिवावरचे संकट असेल आणि रुग्ण बेशुद्ध असेल, तर जीव वाचवण्यासाठी डॉक्टरने कोणाच्याही सहीची वाट पाहायची नसते.

अडचण सुरू होते ती रुग्णाची समज गेल्यावर. पक्षाघात होतो, मेंदूत रक्तस्राव होतो, कॅन्सर शेवटच्या टप्प्यावर येतो. वस्तीत पुष्कळांना वाटते की मुखत्यारपत्र करून ठेवले म्हणजे झाले. झोपडीच्या कागदांसाठी, पुनर्वसनाच्या खोलीसाठी आपण मुखत्यारपत्रे करतोच, त्यामुळे तो शब्द ओळखीचा आहे. पण साधे मुखत्यारपत्र नेमके इथे उपयोगी पडत नाही. करार कायद्याप्रमाणे अधिकार देणाऱ्याची बुद्धी ठिकाणावर राहिली नाही, की त्याने दिलेला अधिकारही संपतो. म्हणजे आजी कोमात गेली, तर तिने नातवाच्या नावे केलेले मुखत्यारपत्र त्या दिवसापासून निकामी. मग बँकेतले पैसे काढायलासुद्धा उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो. कोमात गेलेल्या नवऱ्यासाठी बायकोला पालक नेमल्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिलेले आहेत. पण वकील, तारखा आणि खर्च आलाच.

उपचाराच्या बाबतीत वाट उघडली ती मुंबईतल्याच एका नर्समुळे. कर्नाटकातल्या हळदीपूरहून आलेल्या अरुणा शानबाग केईएम इस्पितळात नोकरी करत होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ च्या रात्री तिथल्याच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर अत्याचार केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळल्यामुळे मेंदूला प्राणवायू मिळाला नाही आणि त्या पुन्हा कधी पूर्ण शुद्धीवर आल्या नाहीत. केईएमच्या परिचारिकांनी त्यांना त्याच इस्पितळात वर्षानुवर्षे भरवले, पुसले, कूस बदलून दिली. इतकी वर्षे अंथरुणात असून अंगाला जखम होऊ दिली नाही, म्हणून कोर्टानेही त्यांचे कौतुक केले. अरुणाताईंवर पुस्तक लिहिणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की त्यांना आता जाऊ द्यावे. परिचारिका म्हणाल्या, नाही, आम्ही सांभाळतो.

७ मार्च २०११ रोजी निकाल लागला. अर्ज फेटाळला गेला. या बाईच्या वतीने बोलायचा अधिकार पुस्तक लिहिणाऱ्या विराणी यांना नाही, तर रोज सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना आहे, असे कोर्टाने म्हटले. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणाताई गेल्या. बेचाळीस वर्षांत त्यांना स्वतःला काय हवे होते, हे कोणालाच कळले नाही, कारण त्यांनी ते कुठे सांगून ठेवलेले नव्हते. पंचविशीतली धडधाकट मुलगी कशाला सांगून ठेवील?

पुढे ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 'कॉमन कॉज' या संस्थेच्या अर्जावर निकाल दिला. राज्यघटनेच्या २१ व्या कलमात जगण्याचा हक्क आहे. त्या जगण्यात सन्मान आहे, आणि बरे होण्याची आशा उरली नसेल तेव्हा नुसत्या यंत्रावर लांबवलेले मरण नाकारणे हाही त्या सन्मानाचा भाग आहे, असे कोर्टाने मानले. सज्ञान माणूस आधीच तसे लिहून ठेवू शकतो आणि आपल्या वतीने संमती देणारा माणूस नेमू शकतो. फक्त त्या निकालात एक पाचर होती. कागदावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी होती. दिवसाची मजुरी बुडवून कोर्टाच्या पायऱ्या चढायला कोण जाणार? सुशिक्षितसुद्धा गेले नाहीत. आयसीयूच्या डॉक्टरांच्या संघटनेनेच अर्ज केला आणि २४ जानेवारी २०२३ रोजी कोर्टाने अटी सोप्या केल्या. आज लागू आहेत त्या या.

कागद लेखी हवा. करणारा अठरा वर्षे पूर्ण केलेला, समज शाबूत असलेला आणि स्वतःच्या मनाने करणारा हवा. नुसते तोंडी सांगणे किंवा मोबाइलवर केलेले रेकॉर्डिंग या कागदाची जागा घेत नाही. सही दोन साक्षीदारांच्या समोर व्हायला हवी. "समोर" हा शब्द महत्त्वाचा. घरी सही करून मग साक्षीदारांच्या दारोदार फिरून त्यांच्या सह्या गोळा करणे म्हणजे पुढच्या भांडणाला आमंत्रण. चौघे एकत्र बसा, आधी तुम्ही सही करा, ती बघून साक्षीदारांनी तिथेच करावी. साक्षीदार शक्यतो तटस्थ असावेत, असे कोर्टाने म्हटले आहे. म्हणून खोली ज्याच्या नावे होणार आहे तो मुलगा किंवा त्याची बायको साक्षीदार घेऊ नका. उद्या दुसरा भाऊ तेवढ्यावरूनच बोट ठेवील. शाळेतले गुरुजी, अंगणवाडीतल्या ताई, विहाराच्या कमिटीतले वडीलधारे, शेजारची नोकरदार बाई, असे कोणी चालतील. उद्या गरज पडली तर ती दोन माणसे सापडली पाहिजेत, एवढे बघा. त्यांचा पत्ता आणि फोन कागदावर घ्या.

दोन साक्षीदारांबरोबर नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यापुढे तो कागद साक्षांकित करायचा. न्यायदंडाधिकाऱ्याची अट गेली ती इथे. नोटरी तर कोर्टाच्या, तहसीलच्या बाहेर बसलेलेच असतात. राजपत्रित अधिकारी ओळखीचा असेल तर त्याच्याकडून करून घेता येते. या माणसाने आपल्या मनाने, कोणाच्या दबावाला किंवा लालचीला न भुलता, समजून-उमजून सही केली याची आमची खात्री झाली आहे, असे साक्षीदारांनी आणि नोटरीने त्या कागदावर लिहायचे असते. हे वाक्य राहून जाते. नोटरी नुसता शिक्का मारून मोकळा होतो. तुम्ही ते वाक्य आधीच टाइप करून न्या. कोर्टाने स्टॅम्प पेपरची सक्ती केलेली नाही. नोटरी आपले तिकीट आणि शिक्का लावतो, त्याची फी आधी विचारून घ्या.

लिहिता न येणाऱ्यांनी काय करायचे? अंगठा चालतो. ज्याला नाव लिहिता येत नाही त्याची खूण म्हणजे सहीच, असे १८९७ च्या सामान्य वाक्खंड अधिनियमात आहे. पण अंगठ्याचा कागद कोर्टात जास्त उलटसुलट पाहिला जातो, म्हणून जास्त काळजी घ्या. कागद मराठीतच करा. साक्षीदारांसमोर तो मोठ्याने, सावकाश वाचून दाखवा. खाली लिहा, "वरील मजकूर मला वाचून दाखवला, मला तो समजला व मान्य आहे." मग अंगठा. अंगठ्याशेजारी पूर्ण नाव, आणि अंगठा कोणासमोर घेतला त्याचे नाव. आजी-आजोबा आजारी पडून आयसीयूत गेल्यावर बेशुद्धीत अंगठा टेकवून घेण्याचे प्रकार वस्तीत कोणी करू नयेत. तो कागद तर टिकत नाहीच, करणारा वर गुन्ह्यात अडकतो.

मजकुरात काय असावे? कोणती परिस्थिती आली तर कोणते उपचार थांबवायचे किंवा सुरूच करायचे नाहीत, ते संदिग्ध न ठेवता लिहायचे. मोघम लिहिले तर डॉक्टर तो कागद अमलात आणत नाहीत. परिणाम समजले आहेत हे लिहायचे. कागद केव्हाही रद्द करता येतो हेही लिहायचे. आणि आपल्या वतीने संमती देणाऱ्या पालकाचे किंवा जवळच्या नातेवाइकाचे नाव लिहायचे. एकापेक्षा जास्त नावे देता येतात. माझ्या मते दोन द्यावीत, पहिला सापडला नाही तर दुसरा. साध्या मराठीत असे लिहिता येईल:

"मी, अमुक, वय अमुक, राहणार अमुक, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो/ठेवते की, मला बरा न होणारा आजार होऊन मी स्वतः निर्णय घेऊ शकणार नाही आणि बरे होण्याची आशा नाही असे डॉक्टरांच्या मंडळांनी सांगितले, तर मला व्हेंटिलेटरवर ठेवू नये, आधीच लावला असल्यास काढावा, आणि हृदय बंद पडल्यास छाती दाबून किंवा शॉक देऊन ते चालू करू नये. वेदना कमी करणारी औषधे, स्वच्छता व शुश्रूषा मात्र शेवटपर्यंत चालू ठेवावी. त्या वेळी माझ्या वतीने संमती देण्याचा अधिकार माझी मुलगी अमुक हिला, ती नसल्यास माझा भाऊ अमुक याला आहे. याचे परिणाम मला समजले आहेत. हे पत्र मी केव्हाही बदलू किंवा रद्द करू शकतो/शकते."

वेदनेच्या औषधांची ओळ गाळू नका. उपचार थांबवणे म्हणजे माणसाला तडफडत टाकणे नव्हे. आणि माणूस नेमताना "थोरला आहे" एवढ्यावर जाऊ नका. जो जवळ असतो, फोन उचलतो, डॉक्टरला प्रश्न विचारायला घाबरत नाही आणि आपले ऐकतो, तो नेमा. ती मुलगीही असू शकते. नवऱ्याने टाकलेल्या बाईने तर हा कागद अवश्य करावा. कायद्याने अजून नवरा असलेला माणूस ऐन वेळी इस्पितळात उगवतो आणि सहीवर हक्क सांगतो. ज्याला नेमता त्याला समोर बसवून कागद वाचून दाखवा. अचानक कळले तर तो गांगरतो.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. नेमलेल्या माणसाचा अधिकार तुम्ही लिहिलेल्या इच्छेपुरता आहे, उपचार नाकारण्या-थांबवण्यापुरता. तुमच्या बँकेवर, खोलीवर त्याला यातून कोणताही हक्क मिळत नाही.

पुष्कळांच्या मनात येईल, "गरिबाला नाहीतरी बेड मिळत नाही. असा कागद दिला तर डॉक्टर हातच वर करतील." ही भीती खोटी म्हणता येणार नाही. जातीमुळे आणि खिशामुळे दवाखान्यात कशी वागणूक मिळते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणून कोर्टाने घातलेले कुलूप समजून घ्या. हा कागद पाहून एकटा डॉक्टर काहीच करू शकत नाही. रुग्णाची निर्णय घेण्याची समज गेलेली हवी, आजार बरा न होणारा हवा. मग उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षे अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचे पहिले मंडळ बसते. त्यानंतर दुसरे मंडळ बसते. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ असतात. दोघांचे मत शक्यतो ४८ तासांत यायचे असते. तुम्ही नेमलेल्या माणसाची संमती लागते. आणि उपचार थांबवण्याआधी इस्पितळाने न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचे असते. मंडळाने नकार दिला तर घरच्यांना उच्च न्यायालयात जाता येते. डेंग्यू झाला, अपघात झाला, बाळंतपणात अडचण आली, अशा बऱ्या होणाऱ्या दुखण्यात या कागदाचा काडीचा संबंध नाही. त्यात पूर्ण उपचार मागायचेच.

आज वस्तीत प्रत्यक्षात काय होते? पैसे संपतात. घरचे "आमच्या जबाबदारीवर नेतो" अशा कागदावर सही करतात, ज्याला इस्पितळात डामा म्हणतात. व्हेंटिलेटरवरचा माणूस ॲम्ब्युलन्समधून घरी येतो आणि वेदनेवर औषध नसताना चटईवर जातो. पुढे भावकीत आयुष्यभर ऐकावे लागते, "तूच सही केलीस." तो कागद आणि इच्छापत्र यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डामाची सही करताना इस्पितळाची जबाबदारी सुटते आणि ती सही करणाऱ्याच्या डोक्यावर बसते. इच्छापत्रात निर्णय रुग्णाचा असतो आणि शुश्रूषा इस्पितळातच चालू राहते. निव्वळ पैशासाठी डामावर सही करण्याआधी समाजसेवा अधीक्षकांना भेटा, महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा. धर्मादाय इस्पितळात निर्धनांसाठी दहा टक्के खाटा मोफत आणि दुर्बलांसाठी दहा टक्के सवलतीत राखून ठेवायच्या असतात, तेही विचारा.

कागद केलाच नसेल तर वाट बंद होत नाही. तीच दोन मंडळे बसतात आणि जवळच्या नातेवाइकांची संमती घेतली जाते. फक्त मग "जवळचे कोण" हा वाद कागदावाचून मिटवायचा असतो.

मानसिक आजारासाठी वेगळा कायदा आहे, २०१७ चा. त्यात आपला प्रतिनिधी साध्या कोऱ्या कागदावर सही करून किंवा अंगठा देऊन नेमता येतो. नोटरी नको. घरात कोणाला वरचेवर झटका येत असेल, तर तो बरा असतानाच त्याच्याकडून हे करून घ्या. प्रतिनिधी सज्ञान हवा आणि त्याने होकार लेखी द्यायला हवा.

इच्छापत्राच्या प्रती किती काढायच्या? एक स्वतःकडे, एकेक नेमलेल्या माणसांकडे, एक नेहमीच्या डॉक्टरकडे, आणि एक महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या त्या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. त्याने ती सांभाळायची आणि इस्पितळाने विचारल्यावर खरी-खोटी सांगायची. निकाल होऊनही असे अधिकारी नेमलेले नव्हते. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचे इच्छापत्र केले, ते घ्यायला कोणी नाही म्हणून उच्च न्यायालयात गेले, तेव्हा राज्य सरकार हलले. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवून तिथली सुरुवात केली. तुमच्या वॉर्ड ऑफिसात जाऊन आरोग्य खात्याच्या टेबलावर विचारा. "असे काही नसते" असे उत्तर आले तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

मन बदलले तर कागद केव्हाही बदलता येतो, पण तो बदलही लेखीच हवा. दोन कागद सापडले तर शेवटी सही झालेला धरला जातो, म्हणून तारीख न चुकता घाला. नवा केला की जुन्याच्या सगळ्या प्रती परत मागून फाडून टाका आणि वॉर्ड ऑफिसातही नवी प्रत द्या. मूळ कागद कुलपात ठेवू नका. इस्पितळात पळताना रेशन कार्डाची पिशवी हाताला लागते, त्याच पिशवीत तो ठेवा आणि त्याचा फोटो नेमलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये असू द्या.